विमान विकत मिळते, वैमानिक घडवावा लागतो

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानास राष्ट्राने समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ साली जे विमान आपल्या हवाई दलात दाखल झाले, १९७१ च्या युद्धात ज्याने पराक्रम गाजविला आणि १९९९ साली कारगिलच्या प्रसंगीही जे कामास आले, ते बासष्ट वर्षांच्या नोकरीनंतर एकदाचे विसावले. जुन्या वैमानिकांचे डोळे पाणावले, वर्तमानपत्रांनी त्याची थोरवी गाइली, आणि त्यात वावगे असे काहीच नाही. परंतु आमचे बहुतेक वाचक पेढीवर बसणारे आहेत. जुना मुनीम घरी जावयास निघाला म्हणजे त्याला शालजोडी मिळते, त्याच्या इमानाची वाखाणणी होते. तरीही त्याच दिवशी त्याच्या हातची वही उघडून शेवटची खतावणी केल्याशिवाय शहाणा व्यापारी ती वही मिटत नाही. मिग-२१ ची वही मिटण्यापूर्वी तीच खतावणी एकदा करावी, म्हणून आजचे हे चार शब्द.

प्रथम नावे पडलेली रक्कम पाहू. मे २०१२ मध्ये त्या वेळचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेस लेखी उत्तर दिले, त्यावरून असे दिसते की, आपण घेतलेल्या सर्व प्रकारच्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने १९ एप्रिल २०१२ पर्यंत अपघातांत गेली, आणि त्या अपघातांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व इतर सेवांतील ८ जण प्राणास मुकले. शत्रूच्या गोळीने पडलेल्यांची ही मोजदाद नाही. ही अपघातांची आहे. मंत्रिमहाशयांनी कारणे दोन सांगितली: एक यंत्रातील बिघाड आणि दुसरे माणसाची चूक. यंत्राच्या बिघाडाविषयी तज्ज्ञांनी बोलावे. 'माणसाची चूक' या दुसऱ्या सदराविषयी मात्र सामान्य नागरिकासही दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. ज्या कामाला तो माणूस लावला, ते काम त्याला पायरीपायरीने शिकविले होते काय? आणि शिकविले नसेल, तर त्याची चूक नेमकी कोणाच्या नावे मांडावयाची?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी वैमानिक घडतो कसा हे थोडे सांगितले पाहिजे. हवाई दलाच्या वैमानिक शाखेत जावयाचे दोन मुख्य रस्ते. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षे काढावयाची, किंवा पदवी घेऊन पुढची परीक्षा द्यावयाची. कोणत्याही रस्त्याने आले तरी निवड मंडळापुढे काही दिवस कसोटी असते आणि तीत एक चाचणी यंत्रावरची असते. डोळ्याने काट्याकडे पाहावयाचे, हाताने दांडी सावरावयाची, कानाने हुकूम ऐकावयाचा, आणि तिन्ही एकाच क्षणी. या चाचणीत जो नापास झाला त्याला जन्मात पुन्हा ती देता येत नाही. पाठांतराने वा शिकवणीवर्गाने तीत तरून जाता येत नाही. पैसेवाल्याचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा तेथे सारखेच. त्यानंतर वैद्यकीय तपासणी. तीत पायाची लांबी आणि बसलेल्या माणसाची उंची हीसुद्धा मोजतात. कारण विमानातील आसन आणि पायटे माणसाच्या मापाने एका मर्यादेपलीकडे लांबआखूड होत नाहीत, माणूसच त्यांच्या मापाचा असावा लागतो.

यातून जे उरतात ते हैदराबादजवळील दुंडिगल येथील हवाई दल प्रबोधिनीत जातात. तेथे दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. हवामानाचा अहवाल ऐकावयाचा, त्या दिवशीचा पाठ फळ्यावर समजून घ्यावयाचा, आणि इंजिन बंद पडले, आग लागली, चाके उतरली नाहीत, अशा प्रत्येक प्रसंगी कोणते बटण कोणत्या क्रमाने दाबावयाचे हे देवाचे नाव घ्यावे तसे तोंडपाठ म्हणून दाखवावयाचे. पुढच्या आसनावर शिकाऊ आणि मागच्या आसनावर शिक्षक असे दोघे उडतात. उतरल्यावर प्रत्येक उड्डाणाचे गुण मांडले जातात. एकामागून एक पाठ बिघडले, तर दुसरा शिक्षक परीक्षा घेतो. तरीही जमले नाही, तर त्या मुलाला उड्डाणाच्या वर्गातून काढून घेतात. त्याच्या शौर्यात उणेपणा असतो म्हणून नव्हे. आकाश सर्वांना जमते असे नाही, एवढेच. आणि मग एक दिवस असा येतो की, शिक्षक धावपट्टीजवळ खाली उतरतो, आसनाचे पट्टे बांधून ठेवतो, आणि विद्यार्थ्यास म्हणतो, 'आता तू एकटा जा.' त्या फेरीस फार तर काही मिनिटे लागतात. पण ज्याने ती केली त्याला ती मरेपर्यंत आठवते. पुढे शिक्षण पुरे झाल्यावर दीक्षान्त संचलनात छातीवर पंखांचे चिन्ह लावले जाते, त्याचे मोल आईबापांस कळते ते या मधल्या दिवसांमुळे.

येथवरचे काम मंद विमानाचे. खरी परीक्षा पुढे आहे. आधुनिक लढाऊ विमान वेगात वळले म्हणजे वैमानिकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या नऊपट भार पडू शकतो. म्हणजे सत्तर किलोच्या तरुणाचे वजन त्या काही सेकंदांत सहाशे तीस किलो होते. रक्त डोक्यातून पायांकडे ओढले जाते, डोळ्यांपुढचे रंग प्रथम करडे होतात आणि मग काळोख होतो. त्यासाठी पायांस व पोटास आवळणारा पोशाख असतो, श्वास रोखून स्नायू ताठ धरण्याची एक रीत असते, आणि ती रीत सवयीनेच अंगी बाणते. रात्री किंवा ढगात आणखी एक संकट असते. कानातील ज्या इंद्रियामुळे आपण तोल सांभाळतो, ते तेथे खोटे सांगू लागते. विमान कलंडत असता वैमानिकास वाटते की आपण सरळच आहोत. अशा वेळी स्वतःच्या शरीरावर अविश्वास आणि समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवावा लागतो. हा अविश्वास उपजत नसतो. तो शिकवावा लागतो, आणि त्याच्या शिकवणीला योग्य विमान लागते.

गणवेशातील या आयुष्याचे लोकांस फक्त वरचे रूप दिसते. संचलनाच्या दिवशी आकाशात उमटणाऱ्या तिरंगी रेघा दिसतात, पण दर दोन-तीन वर्षांनी होणारी बदली, मुलांची पुनःपुन्हा बदलणारी शाळा, आणि विमान परतण्याची वेळ टळली म्हणजे अधिकाऱ्यांच्या वसाहतीत पसरणारी शांतता दिसत नाही. दरसाल वैद्यकीय तपासणी होते. रक्तदाब थोडा चढला किंवा कण्याला इजा झाली, की उड्डाण बंद. अल्पमुदतीच्या नेमणुकीवर आलेल्या वैमानिकाची सेवा चौदा वर्षांची असते. ज्या वयात आपल्याकडे व्यापाऱ्याचा मुलगा पेढी नीट सांभाळू लागतो, त्या वयात त्याला नवा उद्योग शोधावा लागतो. या गोष्टी त्याने जाणूनबुजून पत्करलेल्या असतात आणि तो त्यांबद्दल कुरकुर करीत नाही. त्याचा आपल्याकडे हक्क एवढाच की, त्याला अपुऱ्या तयारीने कोणी वर पाठवू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मिग-२१ हे ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे विमान. उतरताना धावपट्टीला लागे तेव्हाही त्याचा वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर असे. 'किरण' हे आपले शिकवणीचे जेट विमान गुणी खरे, पण त्याचा सर्वाधिक वेगच ताशी सातशे किलोमीटरांच्या आतला. म्हणजे बैलगाडी हाकावयास शिकलेल्या मुलास एकदम रेल्वेच्या इंजिनावर चढवावे, तशातली गोष्ट. या दोहोंच्या मधली पायरी हवी, प्रगत शिक्षणासाठी वेगळे जेट विमान हवे, हे हवाई दलाच्या वरिष्ठांस कळत नव्हते असे नाही. एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ सालीच ती शिफारस लिहून दिली होती. मग ती अमलात केव्हा आली? ६६ 'हॉक' विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि पहिली विमाने बिदरच्या तळावर सेवेत दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारशीपासून कराराला बावीस वर्षे, आणि विमानाला सव्वीस! ज्या वर्षी शिफारस झाली त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर स्वतः लढाऊ वैमानिक होऊन मिग-२१ वर चढले असेल. मधल्या काळात आसामातील तेजपूर येथे तरुणांस मिग-२१ शिकविले जाई ते मिग-२१ वरच. फायली या खात्यातून त्या खात्यात गेल्या, किमतीची घासाघीस झाली, सरकारे आली आणि गेली. आणि दरसाल वर्तमानपत्रांत तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्यांची चित्रे छापून येत राहिली.

२००१ साली एक तरुण फ्लाइट लेफ्टनंट राजस्थानातील सुरतगडहून मिग-२१ घेऊन रात्रीच्या उड्डाणास निघाला आणि परत आला नाही. चौकशीत दोष वैमानिकावर आला. त्याच्या मातेने तो निर्णय मुकाट्याने मान्य केला नाही. तिने प्रश्न विचारले आणि ते देशभर ऐकू गेले. मुलाच्या मृत्यूनंतर आपल्या समाजाची रीत अशी आहे की, सभा भरवावी, रस्त्याला नाव द्यावे आणि मातेला 'वीरमाता' म्हणून व्यासपीठावर बसवावे. त्या बाईने व्यासपीठापेक्षा उत्तर मागितले. आमच्या मते देशभक्तीचे हे अधिक अवघड आणि अधिक उपयोगी रूप होय.

कोणी म्हणेल की, ही जुनी उणीव 'हॉक' आल्यावर भरून निघाली. आता ती उकरून काढण्याचे कारण काय? कारण असे की, रोग एका विमानाचा नव्हता, सवयीचा होता, आणि सवय गेलेली नाही. प्राथमिक शिक्षणाचे एचपीटी-३२ हे विमान पाहा. त्याच्या १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. अखेर जुलै २००९ मध्ये दोन शिक्षकच त्यात मरण पावले तेव्हा ते जमिनीवर आले. ज्या विमानाने मुलाला पहिली अक्षरे शिकवावयाची, ते इतक्या जणांचा बळी घेईपर्यंत चालू राहिले! पुढची चार वर्षे प्राथमिक धडेही 'किरण'वरच गिरवावे लागले. २०१३ साली स्वित्झर्लंडहून ७५ पिलाटस विमाने येऊ लागली तेव्हा श्वास घेता आला. पण डिसेंबर २०२४ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात काय म्हटले आहे? शिक्षणसंस्थांतील ६४ पिलाटस विमानांपैकी १६ विमानांत २०१३ ते २०२१ या काळात इंजिनातून तेल गळण्याचे ३८ प्रसंग घडले. वैमानिकांची तूट फेब्रुवारी २०१५ मध्ये ४८६ होती, ती भरून निघण्याऐवजी २०२१ अखेर ५९६ झाली. दरसाल २२२ शिकाऊ घ्यावयाचे ठरले असता तितके घेतले गेले नाहीत. ही आमची कुजबूज नव्हे, सरकारच्याच हिशेबतपासनिसाची शाई आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. लढाऊ विमानांनाच पैसा पुरत नाही, मंजूर ४२ तुकड्यांपैकी मिग-२१ च्या निवृत्तीनंतर २९ च उरल्या. मग शिकवणीच्या विमानांची चैन कोठून करावी, असे विचारले जाते. आमच्या व्यापारी वाचकांस याचे उत्तर आम्ही सांगावयास नको. सोन्याचा माल भरलेल्या दुकानात तराजू धरणारा माणूस तयार नसेल, तर माल जितका अधिक तितका तोटा अधिक. स्वस्त विमानावर शंभर तास जास्त शिकविणे परवडत नाही असे म्हणणाऱ्याने महाग विमान आणि त्यातला माणूस एकाच क्षणी गमावणे कसे परवडते, हे सांगावे. त्यातही विमानाची किंमत कागदावर मांडता येते. बारा-पंधरा वर्षे घडविलेल्या वैमानिकाची बाजारात किंमतच होत नाही, कारण तो कोणत्याही बाजारात मिळत नाही.

तिसरा आक्षेप दैववाद्यांचा. उडावयाचे म्हटले की पडणे आलेच, असे ते म्हणतात. धोका आहे, आणि तो शून्य होणार नाही, हे आम्हांसही कबूल आहे. पक्षी इंजिनात शिरतात, यंत्र दगा देते. परंतु जो धोका शिक्षणाने टळतो, तो टाळला नाही तर त्याला दैव म्हणू नये; त्याला हलगर्जी म्हणावे. पटकी ही देवीचा कोप आहे असे समजून आमच्या पूर्वजांनी गावेच्या गावे ओस पडू दिली, आणि पाणी उकळून प्यावे हे कळल्यावर कोपाची तीव्रता आपोआप कमी झाली. विमानाच्या अपघातांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

शिक्षणाने काय होते याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. हिंदी माणसास यंत्राचे डोके नाही, तो विमान काय चालविणार, अशी एकेकाळी राज्यकर्त्यांची समजूत होती. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय या एकोणीस वर्षांच्या बंगाली तरुणाने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत शत्रूची दहा विमाने पाडून आणि त्याच महिन्यात प्राण देऊन ती खोटी ठरविली होती. तरीही १९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने शिफारस करीपर्यंत हिंदी तरुणांस क्रॅनवेलच्या विमानविद्यालयाचे दार उघडले नाही. ते उघडल्यावर काय झाले? ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दलाची स्थापना झाली, १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर चार 'वापिती' विमानांनिशी पहिली तुकडी उभी राहिली, आणि क्रॅनवेलहून आलेल्या त्या मूठभर तरुणांतील सुब्रोतो मुखर्जी १ एप्रिल १९५४ रोजी हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. रक्त तेच, डोके तेच. फरक केला तो शाळेने.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच घडले. १९९४ साली त्यांस वाहतुकीची विमाने व हेलिकॉप्टर चालविण्याची मुभा मिळाली; लढाऊ विमानाचे दार मात्र जून २०१६ पर्यंत बंद होते. त्या महिन्यात अवनी चतुर्वेदी, भावना कंठ व मोहना सिंग या तिघींस पंख मिळाले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरहून एकटीने तेच अवघड मिग-२१ उडवून दाखविले. मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून सतरा मुलींची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. वैमानिकांची तूट शेकड्यांनी मोजावी लागत असता अर्ध्या समाजास दाराबाहेर उभे करणे हा जो मूर्खपणा आपण इतकी वर्षे केला, तो आता निदान आपल्या घरांत तरी करू नये. मुलगी म्हणाली, 'मला उडावयाचे आहे,' तर तिचे लग्न कसे जमेल हा प्रश्न पहिला नसावा.

आमची मागणी मोठी नाही. सरकारने दरसाल अर्थसंकल्पाबरोबर संसदेपुढे एक छोटा तक्ता ठेवावा: शिकवणीची विमाने मंजूर किती, हातात किती, त्यांपैकी उडण्याजोगी किती, शिक्षक हवेत किती, आहेत किती, आणि गेल्या वर्षीच्या अपघातांतून कोणता धडा घेतला व तो अमलात आला की नाही. कोणते लढाऊ विमान कोठे ठेवले आहे हे आम्ही विचारीत नाही. शाळेत फळे आणि मास्तर आहेत काय, एवढेच विचारतो. या प्रश्नाच्या उत्तराने शत्रूचा काही फायदा होण्यासारखा नाही. न विचारल्याने मात्र आपला तोटा झालेला आहे. दुसरे, लढाऊ विमानांचा कोणताही नवा करार होईल तेव्हा त्याच्या शिकवणीची सोय त्याच कागदावर लिहिलेली असावी. ती मागाहून बघू म्हणून पुढे ढकलू नये.

या प्रश्नाचे एक टोक आपल्या दारात आहे. नाशिकजवळ ओझर येथील ज्या कारखान्यात मिग-२१ विमाने बांधली गेली, तेथेच १७ ऑक्टोबर २०२५ रोजी एचटीटी-४० या देशी शिकवणीच्या विमानाची नवी बांधणी-शाखा सुरू झाली. अशा ७० विमानांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला. परदेशी इंजिने वेळेवर न आल्यामुळे पहिली मुदत टळली. तिच्यापुढची प्रत्येक मुदत पाळली जाते की नाही, याकडे महाराष्ट्राच्या खासदारांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे, आणि खासदार पाहतात की नाही हे त्यांस मते देणाऱ्यांनी पाहिले पाहिजे. मूळगावकर, टिपणीस, नाईक आणि चौधरी असे चार हवाई दलप्रमुख ज्या मराठी समाजाने दिले, त्याला या विषयात बोलण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही.

पुढच्या वेळी तिरंग्यात गुंडाळलेली एखादी पेटी आपल्या गावच्या रस्त्याने येईल तेव्हा वाचकांनी दुकाने अवश्य बंद ठेवावीत, फुले अवश्य वाहावीत. मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर एक पोस्टकार्ड आपल्या खासदारास लिहावे, आणि त्यात एकच ओळ असावी: 'या मुलाला जे विमान दिले, ते चालविण्याचे पुरे शिक्षण त्याला दिले होते काय?'